चुकीच्या उत्तराचा पाव गुण आला कुठून?

सराव परीक्षा संगणकावर चढवायला बसलं की एक चौकट हमखास समोर येते: चुकीच्या उत्तराला किती गुण वजा करायचे? बरेच जण 0.25 टाकतात आणि पुढे जातात. बँकांच्या परीक्षेत पाव गुण कापतात, मग इथेही पाव, असा साधा विचार असतो. पण या आकड्यामागे एक हिशेब आहे, आणि तो प्रश्नाला किती पर्याय दिलेत यावर ठरतो.

बहुपर्यायी प्रश्नाचा उगम शोधत गेलं की अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले फ्रेडरिक केली भेटतात. एकाच उत्तरपत्रिकेला दोन शिक्षक वेगवेगळे गुण देतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. 1915 च्या सुमारास त्यांनी वाचनाची अशी चाचणी केली, जिच्यात बरोबर उत्तर आधीच ठरलेलं होतं आणि तपासणाऱ्याच्या मर्जीला वाव नव्हता. दोनच वर्षांनी अमेरिकन सैन्याने भरतीसाठी तसल्याच चाचण्या घेतल्या आणि लाखो जवान त्यातून गेले. तपासणीचा वेग वाढला, पण नवा प्रश्न उभा राहिला. उत्तर येत नसलेला उमेदवारही अंदाजाने खूण करून गुण मिळवू शकत होता.

त्यावरचा तोडगा म्हणजे वजा गुण. चार पर्याय असतील आणि चार प्रश्न डोळे मिटून सोडवले, तर सरासरी एक बरोबर येणार, तीन चुकणार. तीन चुकांनी तो एक गुण पुसला जायला हवा, म्हणून प्रत्येक चुकीला एक तृतीयांश. पाच पर्याय असतील तर चार चुकांनी एक गुण पुसायचा, म्हणून पाव. बँकभरतीच्या आयबीपीएस पूर्वपरीक्षेत पाच पर्याय आणि पाव गुण, हे गणित चपखल बसतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत चार पर्याय आणि एक तृतीयांश, तेही बसतं. मात्र चार पर्यायांच्या सराव परीक्षेत पाव गुण ठेवला की अंदाज मारणाऱ्याच्या पदरात थोडंसं पडतंच. जेईई मेनमध्ये बहुपर्यायी प्रश्नाला बरोबरचे 4 आणि चुकीचा वजा 1. चार प्रश्न नुसते ठोकले तर सरासरीने एक गुण हाती राहतो. मूळ परीक्षेचा नियम तसा असेल तर सरावालाही तोच ठेवावा. पण स्वतःची परीक्षा रचताना हा हिशेब माहीत असायलाच हवा.

मधल्या टप्प्यात यंत्र आलं. मिशिगनमधले विज्ञान शिक्षक रेनॉल्ड जॉन्सन यांनी पेन्सिलच्या शिशातून वीज वाहते या गुणधर्मावर उत्तरं तपासणारं यंत्र रचलं आणि आयबीएमने ते 1938 मध्ये बाजारात आणलं. पुढे याच जॉन्सननी आयबीएममध्ये पहिल्या हार्ड डिस्कचं काम सांभाळलं, म्हणजे आजच्या प्रश्नपेढ्या जिथे साठवल्या जातात त्या यंत्रणेच्या मुळाशीही एक शिक्षकच आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आपल्याकडे संगणकावरची परीक्षा मोठ्या प्रमाणावर नजरेत भरली ती 2009 च्या कॅटपासून, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेपासून. जेईई ॲडव्हान्स्ड 2018 मध्ये पूर्ण संगणकावर गेली, आणि आपली एमएचटी-सीईटी 2019 मध्ये. सीईटीत वजा गुण नाहीत, पण गणिताच्या प्रश्नाला 2 आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राच्या प्रश्नाला 1 गुण. सराव परीक्षा लावताना हे वजन विसरलं की मुलाला स्वतःच्या तयारीचा चुकीचा अंदाज येतो.

संगणकामुळे खरा बदल झाला तो प्रश्नांच्या प्रकारात. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत पर्यायच नसलेले, आकडा भरायचे प्रश्न आले. त्यांत चुकीला वजा गुण नाहीत, कारण अंदाजाने आकडा जुळणं जवळपास अशक्य. पण रचणाऱ्याचं काम वाढलं: उत्तर 2.5 असेल तर 2.49 चालेल का, 2.52 चालेल का, ही मर्यादा आधीच लिहून द्यावी लागते. 2021 पासून गेटमध्ये एकाहून जास्त बरोबर पर्यायांचे प्रश्नही आले. तिथे अर्धवट उत्तराला गुण नाहीत. जेईई ॲडव्हान्स्डमध्ये मात्र आहेत.

हा प्रकार सरावात लावताना एक चूक सर्रास होते. दोन पर्याय बरोबर असतील तर प्रत्येकाला 50 टक्के दिले जातात आणि चुकीच्या पर्यायांना शून्य. मग चारही चौकोनांत टिक करणाऱ्याला पैकीच्या पैकी! एका अभ्यासिकेसाठी लावलेल्या सरावात माझ्याकडून हेच झालं होतं. सगळ्यांत कमी अभ्यास केलेला मुलगा त्या प्रश्नांत पहिला आला, आणि बाकीच्यांची तोंडं पाहून मला रात्रभर झोप लागली नाही. 2002 मध्ये आलेल्या मूडल या ऑनलाइन शिकवण्या-परीक्षांच्या प्रणालीमध्ये पर्यायाला उणे टक्के देता येतात, त्यांत उणे 33.33333 सुद्धा आहे. तो तिथे का आहे हे मला त्यानंतर उमगलं.

चुकीचे पर्याय रचणं हे तर वेगळंच कसब. 400 रुपयांची वस्तू 500 ला विकली, शेकडा नफा किती? बरोबर उत्तर 25. पर्यायांत 20 हवंच, कारण विक्रीच्या किमतीने भागणारा तिथे पोचतो. 100 हवं, रुपयांनाच टक्के समजणाऱ्यासाठी. 80 हवं, खरेदीला विक्रीने भागणाऱ्यासाठी. असा प्रश्न सोडवल्यावर निकालात नुसतं ‘चूक’ एवढंच दिसत नाही. कोणत्या वळणावर पाय घसरला ते दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेमकं तेवढंच घेता येतं.