बर्फाखालील डायव्हिंग आणि ड्रायसूटमधील ऊब : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या सातपूर येथील कार्यशाळेतून ड्रायसूट (अंगाला पाणी लागू न देणारे डायव्हिंगचे पोशाख) भाड्याने दिले जातात आणि त्यांची दुरुस्तीही केली जाते. बैकल सरोवर, रशियाच्या उत्तरेकडील श्वेत समुद्र किंवा फिनलंडमधील गोठलेली तळी येथे बर्फाखाली उतरण्याच्या तयारीने आलेल्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा 'तुमच्याकडचा सर्वांत उबदार सूट कोणता?' असा असतो. ट्रायलॅमिनेट (तीन थर चिकटवलेल्या) कापडाचा सूट स्वतः जवळजवळ काहीच ऊब देत नाही. त्याचे काम पाणी बाहेर ठेवण्याचे आहे. ऊब मिळते ती आत घातलेल्या कपड्यांच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या स्थिर हवेमुळे. म्हणून खर्चाला मर्यादा असेल, तर सूट साधा घ्यावा आणि वाचलेले पैसे अंडरसूट (सूटच्या आत घालायचा उबदार पोशाख), हुड व हातमोजे यांवर खर्च करावेत, असा सल्ला आम्ही देतो. त्यात आमचा तोटा असला तरी.

निओप्रीनच्या (बुडबुडेयुक्त रबराच्या) ड्रायसूटला स्वतःची थोडी ऊब असते. परंतु त्यातील हवेचे बुडबुडे खोलीवर दाबले जातात आणि ती ऊब कमी होते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, आणि तेवढी थंडी आपण स्वेटर-मफलरवर काढतो. त्या अनुभवावरून बर्फाखालच्या पाण्याचा अंदाज बांधू नये. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असल्याने ते शरीरातील उष्णता फार वेगाने ओढून घेते. गोड्या पाण्याच्या तळ्यात बर्फाला लागून असलेले पाणी ० अंश सेल्सिअसचे असते आणि खाली ते फार तर ४ अंशांपर्यंत जाते. खाऱ्या समुद्रात मात्र ते उणे १.८ अंशांच्या आसपासही द्रवरूप राहते.

आत काय घालावे

अंगालगतचा थर मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिप्रॉपिलीनसारख्या कृत्रिम धाग्याचा असावा, कारण त्याने घाम कातडीपासून दूर न्यायचा असतो. सवयीने आत सुती बनियन घातली जाते, ती कृपया घालू नये. सुती कापड घाम शोषून ओलेच राहते आणि पोटापाठीला थंडगार चिकटते. मनाली-काश्मीरच्या सहलीसाठी घरात आणलेले थर्मल कपडे चालू शकतात, मात्र त्यांच्या आतील चिठ्ठीवर सुताचे प्रमाण किती आहे ते पाहून घ्यावे. त्यावर फ्लीसचा किंवा थिन्सुलेटचा (बारीक कृत्रिम तंतूंच्या उबदार अस्तराचा) जाड अंडरसूट येतो. सूटची निवड हे सर्व कपडे अंगावर चढवूनच करावी: दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसून पाहावे आणि पाठीमागच्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचतो का, हेही पाहावे. सूट घट्ट असेल तर अंडरसूट दाबला जाऊन त्यातील हवा निघून जाते. फार ढगळ असेल तर हवा एकीकडून दुसरीकडे पळते आणि पायांकडे गेली की सावरणे कठीण होते. बुटांचेही तसेच आहे. पाय गारठतात म्हणून एकावर एक मोज्यांचे जोड कोंबले, की बोटांचा रक्तप्रवाह अडतो आणि पाय अधिकच गारठतात.

पाण्यात उतरताना भोवतालचा दाब सूटला अंगावर आवळतो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सूटमधील हवेचे आकारमान निम्मे होते. तेव्हा इन्फ्लेटर व्हॉल्व्हमधून (सूटमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेतून) हवा घेतली नाही, तर जाड अंडरसूटही पातळ चादरीसारखा होतो. कमी शिसे (पाण्याखाली राहण्यासाठी लागणारे वजन) बांधता यावे म्हणून सूट आवळलेल्या अवस्थेत ठेवणारे अनेक जण थंडीची तक्रार करतात. बर्फाखाली त्यापेक्षा थोडे अधिक शिसे आणि थोडी अधिक हवा सोसावी. हवा मात्र थोडी थोडी, क्षणभर बटण दाबून घ्यावी. बटण दाबून धरले तर वेगाने प्रसरण पावणारी हवा इतकी थंड होते की व्हॉल्व्ह उघडलेल्या स्थितीतच गोठू शकतो, आणि मग सूट फुगून डायव्हर वर बर्फाला जाऊन टेकतो. असे झाल्यास इन्फ्लेटरची नळी काढता येणे आवश्यक आहे. हाताला जाड हातमोजे असताना ही नळी सोडवण्याचा सराव येथे, तरणतलावात करून घ्यावा.

सूटमध्ये हवेऐवजी आर्गॉन वायू भरण्याविषयीही विचारणा होते. आर्गॉनची उष्णतावाहकता हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी आहे हे खरे. पण त्याचा उपयोग होण्यासाठी सूटमधील हवा वारंवार काढून तेथे आर्गॉन भरावा लागतो, आणि उथळ, छोट्या डाइव्हसाठी तो खटाटोप आम्हाला अनाठायी वाटतो. बॅटरीवर तापणारे जॅकेट उपयोगी आहे, परंतु ते बंद पडले तरी परत येईपर्यंत पुरेल एवढा अंडरसूट अंगावर असलाच पाहिजे. शिवाय अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की तळाशी उबदार आणि वर येताना गार राहिलेल्या डायव्हरना डीकम्प्रेशनचा आजार (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे तयार होऊन होणारा) होण्याचा धोका उलट स्थितीपेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे जॅकेट खाली पूर्ण तापवून वर येताना बॅटरी संपवणे, हा क्रम सर्वांत वाईट होय.

सूट गळतो की घाम येतो?

दुरुस्तीसाठी येणाऱ्या सूटपैकी काही मुळात गळतच नसतात. सर्व अंडरसूट सारखाच दमट असेल, तर तो बहुधा घाम असतो, किंवा सूटच्या गार कापडावर साचलेले दव. बर्फावर उणे २० अंशांतसुद्धा जाड कपड्यांनिशी सिलिंडर ओढताना घाम फुटतो, म्हणून जड कामे आधी उरकावीत, झिप सर्वांत शेवटी लावावी आणि त्यानंतर लगेच पाण्यात उतरावे. मनगटापासून कोपराकडे ओली रेघ गेलेली असेल, तर बर्फावरच्या साथीदाराशी जोडणारी दोरी घट्ट धरताना मनगटाच्या कंडरा (टेंडन) वर आल्या आणि सीलखाली (मनगटाशी व मानेशी पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्टीखाली) पन्हळ तयार झाली, असे समजावे. मानेमागे ओल असेल, तर सीलखाली केस अडकलेले असतात.

आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार दिसते. मंगळसूत्र, साखळी, ताईत किंवा मनगटावरचा पूजेचा दोरा सीलखाली राहिला, की त्याच्या कडेने पाणी आत झिरपते. हे सर्व आधी काढून ठेवावे, किंवा काढायचे नसल्यास सीलपासून पूर्णपणे दूर, आतल्या कपड्यांत सरकवावे. खोबरेल तेल लावलेल्या केसांवरून लेटेक्सचे सील ओढू नये. तेलाने लेटेक्स मऊ व चिकट होऊन लवकर फाटते, आणि सील सहज चढावे म्हणून वापरायची पावडरही बिनवासाची टाल्कम असावी.

हात, डोके आणि परतीची वेळ

हुड किमान ७ मिलिमीटर जाडीचा घ्यावा. ड्राय ग्लोव्ह्ज (आत पाणी न येणारे हातमोजे) आणि त्यांच्या आत लोकरीचे हातमोजे ही जोडी ओल्या निओप्रीन हातमोज्यांपेक्षा निश्चितच उबदार ठरते. मात्र हातमोज्यांतील हवाही खोलीवर दाबली जाते, म्हणून मनगटाच्या सीलखाली बारीक नळी ठेवून सूटमधील हवा हातापर्यंत पोहोचू द्यावी. तसे केल्यास हातमोजा फाटल्यावर तेथून सूटमध्ये पाणी शिरू शकते, ही त्याची किंमत आहे.

अंग थरथरू लागेपर्यंत थांबू नये. अंगठा व करंगळी एकमेकांना टेकवता येईना, कॅराबिनर (दोरी अडकवायची उघडझाप होणारी कडी) उघडता येईना, किंवा दोरीवरचा संकेत देताना बोटे चाचपडू लागली, की डाइव्ह संपवावी. बर्फाखाली बाहेर पडण्याचे भोक बहुधा एकच असते आणि तेथवरचे अंतर गारठलेल्या हातांनी कापायचे असते. वर आल्यावर ओले कपडे ताबडतोब बदलावेत, गरम व गोड पेय घ्यावे, मद्य टाळावे, आणि कढत पाण्याची आंघोळ लगेच करू नये. लघवीच्या भीतीने पाणी पिणे कमी करणारे ग्राहक भेटतात. थंड पाण्यात लघवीचे प्रमाण वाढतेच. त्यावर प्रौढांचे डायपर हा सोपा उपाय आहे, तहानलेले राहणे हा नव्हे.

हे माहितीपत्रक प्रशिक्षणाची जागा घेत नाही. ड्रायसूट आणि आइस डायव्हिंग या दोन्हींचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय आम्ही बर्फाखालील वापरासाठी सूट देत नाही. भाड्याचा सूट परत आणताना तो आतून-बाहेरून वाळवलेला आणि सैल गुंडाळलेला असावा, झिप उघडी असावी, आणि विशेषतः एप्रिल-मेमध्ये तो गाडीच्या डिकीत ठेवून देऊ नये. तेथील उष्णतेने लेटेक्सचे सील खराब होतात आणि नव्या सीलचा खर्च अनामत रकमेतून वजा होतो.