जुन्या वळणाची नवी गाणी आणि त्यांवरची नावं

१९९६मध्ये अमेरिकी गायिका-गीतकार गिलियन वेल्च यांचा पहिला अल्बम आला, तेव्हा काही समीक्षकांनी नाकं मुरडली. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली आणि लॉस एंजलिसमध्ये टीव्ही कार्यक्रमांना संगीत देणाऱ्या आईवडिलांच्या घरात वाढलेली ही मुलगी. पूर्व अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या गरिबांची, अनाथांची, हातभट्टीवाल्यांची गाणी तिनं कुठल्या हक्कानं लिहावीत? तिच्यासोबत लिहिणारा आणि गिटार वाजवणारा जोडीदार डेव्हिड रॉलिंग्ज हाही डोंगरातला नव्हे. दोघांची गाठ बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात पडली, कंट्री, म्हणजे अमेरिकी खेड्यापाड्यांतून आलेल्या संगीताच्या, बँडच्या निवडचाचणीला. जुनं संगीत लोकांमधून आपसूक उगवतं आणि ते नव्यानं रचणं म्हणजे नक्कल, असा आक्षेपाचा सूर होता. मला तो मुळातच चुकीचा वाटतो. हे संगीत तबकडीवर आलं तेव्हापासून त्यात नवं रचणं, जुनं जुळवून घेणं आणि त्यावर नाव लावणं चालत आलेलं आहे, आणि पुष्कळदा ते एकाच घरात चाललेलं आहे.

ब्रिस्टल नावाचं गाव टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेलं आहे. सीमा मुख्य रस्त्याच्या मधून जाते. १९२७च्या जुलैअखेरीस व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीच्या राल्फ पिअर यांनी तिथल्या टोप्यांच्या जुन्या कंपनीच्या इमारतीत ध्वनिमुद्रणाची यंत्रं मांडली. १ ऑगस्टला मेसेस स्प्रिंगहून तिघं आले. ए. पी. कार्टर, त्यांची बायको सारा आणि मेबेल. मेबेल ही साराची नात्यातली बहीण आणि जाऊही. ती अवघी १८ वर्षांची होती आणि गरोदर होती. त्या दिवशी चार गाणी झाली. दुसऱ्या दिवशी ए. पी. आलेच नाहीत, दोघी जावांनी आणखी दोन गाणी उरकली.

मेबेलच्या वादनाची पद्धत बघण्यासारखी आहे. अंगठ्यानं खालच्या सुरांच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि त्याच वेळी तर्जनीनं बारीक तारांवर ठेका धरायचा. एकाच गिटारीतून चाल आणि साथ दोन्ही निघतात. त्यामुळे वेगळा वादकसंच लागतच नाही. दोन-तीन माणसांच्या घरगुती गाण्याला तबकडीवर भरीवपणा आला तो या अंगठ्यामुळे.

पिअर यांचा हिशेब मात्र वेगळा होता. व्हिक्टरकडून नेहमीसारखा पगार घेण्याऐवजी त्यांनी गाण्यांचे हक्क आपल्याकडे ठेवले. प्रत्येक तबकडीमागे हक्काचे पैसे मिळणार, पण ते कधी? गाणं कुणाच्या तरी नावावर नोंदलेलं असेल तेव्हा. म्हणून त्यांना नवी गाणी हवी होती, निदान नवी म्हणून नोंदवता येतील अशी तरी. गायकांना दर गाण्याला ५० डॉलर आणि विक्रीतला थोडा वाटा मिळे. कंट्री संगीतात ‘स्वतःची रचना’ या गोष्टीला किंमत आली ती या व्यवहारातून.

मग ए. पी. गाणी शोधत डोंगर-दऱ्या हिंडू लागले. पुष्कळदा सोबत लेस्ली रिडल असत. हे कृष्णवर्णीय गिटारवादक. एक पाय अपघातात गेलेला. ए. पीं.नी शब्द उतरवून घ्यायचे, रिडलनी चाल लक्षात ठेवायची. जात्यावरच्या ओवीला जसा एक धनी नसतो, तशी ही गाणी होती. घरी आल्यावर ती तोडायची, जोडायची, कडवी घालायची, साराच्या आवाजाला बसतील अशी करायची, आणि नोंदवायची ए. पी. कार्टर या एका नावानं. गाणं मुख्यतः सारा गात होती, चाल मेबेल वाजवत होती, सूर रिडलनी आणलेले असत. हा अन्याय होता आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. रिडल यांचा वाटा पुढे १९६०च्या दशकात मेबेलनंच सांगितला, तेव्हा कुठे लोकगीतांचे संग्राहक त्यांच्यापर्यंत पोचले.

ए. पी. आणि सारा १९३३च्या सुमारास वेगळे झाले, पुढे घटस्फोटही झाला. तरी तिघांचं ध्वनिमुद्रण आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या जबरदस्त ताकदीच्या रेडिओ केंद्रावरचं गाणं चालूच राहिलं. संसार मोडला, मिळकत मात्र एकत्रच होती.

दुसरं जोडपं अगदी वेगळ्या मुशीतलं. १९४५मध्ये मिलवॉकीच्या एका हॉटेलात फेलिस लिफ्ट चालवत होत्या आणि बूडलो ब्रायंट तिथे व्हायोलिन वाजवायला आले होते. बूडलो पाश्चात्त्य अभिजात संगीतात तयार झालेले, अटलांटाच्या वाद्यवृंदात वाजवलेले. डोंगराशी फेलिसचा काही संबंध नव्हता. दोघं १९५०मध्ये कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला गेले. नुसती गाणी लिहून पोट भरणारे तिथले पहिले लेखक म्हणून त्यांचं नाव घेतात. एव्हर्ली बंधू या गायक जोडीची १९५७पासूनची बरीच गाजलेली गाणी त्यांची. १९६७मध्ये वृद्धांवरच्या संथ गाण्यांवर काम करताना फेलिस कंटाळल्या, आणि बदल म्हणून दोघांनी काही मिनिटांत एक चपळ गाणं लिहिलं, ‘रॉकी टॉप’. १९८२मध्ये ते टेनेसीच्या राज्यगीतांत गेलं. त्या गाण्यावर नाव दोघांचं आहे.

वेल्च आणि रॉलिंग्ज १९९२मध्ये नॅशव्हिलला आले ते या रस्त्यानं. मंचावर दोघंच असतात. रॉलिंग्ज यांची गिटार १९३५ची, कमानदार पाठीपोटाची छोटी एपिफोन. त्या काळी ती स्वस्तातल्या गिटारींमध्ये मोडे. तिच्यातून ते वेल्चच्या सुराला मुद्दाम खटकणारे सूर काढतात आणि मग हळूच जागेवर आणतात. जुन्या गाण्यांत न सापडणारी ही ताण देण्याची रीत त्यांची स्वतःची आहे. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पूर्व नॅशव्हिलमधला वुडलँड स्टुडिओ घेतला. तिथेच १९७१मध्ये कॅलिफोर्नियाच्या निट्टी ग्रिटी डर्ट बँडनं जुन्या जाणत्यांना बोलावून गाजलेला अल्बम केला होता, आणि त्या जाणत्यांत मेबेल कार्टरही होत्या. बाहेरच्या तरुणांनी हे गाणं गाऊ नये असं मेबेलना तरी वाटलं नव्हतं.

इतकी वर्षं बहुतेक अल्बमांवर एकट्या वेल्चचं नाव असे. रॉलिंग्ज मुख्य गायक असले की त्यांचं. २०२०च्या मार्चमध्ये चक्रीवादळानं वुडलँडचं छप्पर उडवलं. पावसात, अंधारात दोघांनी ध्वनिफिती आणि वाद्यं बाहेर काढली. त्याच वर्षी टाळेबंदीत घरी त्यांनी इतरांची आणि पारंपरिक गाणी मुद्रित केली. त्या अल्बमवर पहिल्यांदा दोघांची नावं आली आणि त्याला ग्रॅमी मिळालं. स्वतःच्या नव्या गाण्यांवर दोन्ही नावं यायला २०२४ उजाडलं. त्या अल्बमचं नाव ‘वुडलँड’, आणि त्यालाही २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट फोक अल्बमचं ग्रॅमी मिळालं.