प्रवाशांच्या पेयांची तपासणी : चाचणी खरी, जागा चुकीची

अमेरिकेतील विमानतळांवर सुरक्षा तपासणी पूर्ण करून, आतल्या दुकानातून कॉफी किंवा पाण्याची बाटली विकत घेऊन विमानात चढण्याची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला कधीकधी वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा (टीएसएचा) कर्मचारी झाकण उघडायला सांगतो, पेयाच्या वर कागदाची एक पट्टी धरतो, तिच्यावर द्रावणाचे थेंब सोडतो आणि तिचा रंग बदलतो का, ते पाहतो. पट्टी पेयाला लागत नाही. ती फक्त वर आलेल्या वाफा टिपते. ज्या पेयाची बाटली तपासणीच्या आतल्या बाजूलाच विकली गेली, तिची पुन्हा परीक्षा घेऊन काय साधते, हा प्रश्न प्रवाशांना पडतो आणि तो रास्त आहे.

द्रव स्फोटकांची भीती मात्र काल्पनिक नाही. नोव्हेंबर 1987 मध्ये कोरियन एअरचे 858 क्रमांकाचे विमान पाडले गेले आणि 115 जण मृत्युमुखी पडले. त्या बाँबचा एक भाग मद्याच्या बाटलीत लपवलेले द्रव स्फोटक होते. डिसेंबर 1994 मध्ये फिलिपीन एअरलाइन्सच्या 434 क्रमांकाच्या विमानात झालेल्या स्फोटात एका प्रवाशाचा बळी गेला. तिथे नायट्रोग्लिसरीन कॉन्टॅक्ट लेन्सच्या द्रावाच्या बाटलीतून नेले होते. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनमध्ये उघडकीस आलेल्या कटात शीतपेयांच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित मिश्रण भरून अटलांटिकपार जाणारी विमाने उडवण्याचा बेत होता. त्यानंतरचे काही दिवस बाळाचे दूधसुद्धा आईवडिलांनी आधी चाखून दाखवल्याशिवाय विमानात नेता येत नव्हते. हातातल्या सामानात एका बाटलीत 100 मिलिलिटरपर्यंतच द्रव नेऊ देणारा पुढचा नियम याच कटातून जन्मला.

पेरॉक्साइड फसवे आहे, कारण डोळ्यांना ते आणि पाणी यांत फरक दिसत नाही. फरक आहे तो वजनात आणि रासायनिक स्वभावात : शुद्ध पेरॉक्साइड पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड असते आणि ते तीव्र ऑक्सिडीकारक (इतर पदार्थांचे ऑक्सिडीकरण घडवणारे) असल्यामुळे योग्य रसायन लावलेल्या पट्टीचा रंग बदलू शकते. म्हणजे पट्टीमागचे रसायनशास्त्र खरे आहे. पण सामान्य तापमानाला पेरॉक्साइडची वाफ पाण्याच्या तुलनेत फारच कमी तयार होते, आणि ज्या पदार्थासाठी पट्टी बनवलेली नाही, त्याबद्दल ती काहीच सांगत नाही. बंद बाटलीपुढे तर ती निरुपयोगी ठरते.

तरीही माझा मुख्य आक्षेप पट्टीच्या संवेदनशीलतेवर नाही, तो संख्येवर आहे. समजा, ही चाचणी 99 टक्के अचूक आहे, म्हणजे 100 निर्दोष पेयांपैकी एकाच्याच बाबतीत ती खोटा इशारा देते. आणि असेही समजा, की दर 1 कोटी पेयांमागे एक खरोखर घातक असते, जे प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त आहे. 1 कोटी पेये तपासली, तर सुमारे 1 लाख खोटे इशारे मिळतील आणि फार तर एक खरा. इशारा मिळालेल्या प्रवाशाच्या हातात निव्वळ कॉफी असण्याची शक्यता तेव्हाही 99.99 टक्क्यांहून अधिक असते. अत्यंत दुर्मीळ गोष्ट शोधताना चांगली चाचणीसुद्धा अशी हतबल होते, आणि हे गणित कोणत्याही प्रशिक्षणाने बदलत नाही.

त्यात माणसाच्या मनाची भर पडते. 2005 मध्ये दृष्टी आणि अवधान यांचे अभ्यासक जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. वस्तूंची दाटी असलेल्या चित्रांतून ठरावीक वस्तू शोधायची होती. ती निम्म्या चित्रांत असताना लोकांकडून सुमारे 7 टक्के वेळा ती निसटली. ती केवळ 1 टक्का चित्रांत ठेवली, तेव्हा हे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवर गेले. जे जवळजवळ कधीच सापडत नाही, ते समोर आले तरी दिसत नाही. म्हणूनच क्ष-किरण यंत्रांच्या पडद्यावर मधूनमधून शस्त्रांच्या नकली प्रतिमा दाखवून कर्मचाऱ्यांचे लक्ष जागे ठेवले जाते. कॉफीच्या वाफेवर धरलेल्या पट्टीत अशी सोय करणे सोपे नाही.

या तपासणीच्या बाजूने दोन युक्तिवाद होतात आणि ते झटकून टाकण्याजोगे नाहीत. पहिला असा, की अनेकांनी थोडे थोडे द्रव आत नेऊन नंतर एकत्र केले, किंवा विमानतळावरच्याच कुणी मदत केली, तर पहिली तपासणी अपुरी पडते. दुसरा धाकाचा : कुठे आणि केव्हा तपासतील हे ठाऊक नसले, की कट रचणारा बिचकतो. पण धाकाची ताकद पकडले जाण्याच्या शक्यतेवर अवलंबून असते. टीएसए दररोज 20 लाखांहून अधिक प्रवासी तपासते. त्यांतल्या अगदी थोड्यांच्या पेल्यावर पट्टी धरल्याने ती शक्यता नगण्यच राहते. आतल्या माणसाचा धोका असेल, तर दुकानांत येणारा माल आणि कर्मचाऱ्यांची ये-जा यांवर लक्ष ठेवणे अधिक थेट ठरते.

याउलट पहिल्या तपासणीच्या ठिकाणी द्रव पारखण्यावर केलेला खर्च मला योग्य वाटतो. 1928 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शोधलेल्या परिणामावर चालणारी यंत्रे लेझरचा प्रकाश बाटलीवर टाकतात आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगांवरून आतला पदार्थ ओळखतात, तेही अनेकदा झाकण न उघडता, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या आरपार. सीटी स्कॅनर बॅगेची त्रिमितीय प्रतिमा काढून प्रत्येक द्रवाच्या घनतेचा अंदाज घेतात. इथे प्रत्येक बॅग तपासली जाते, काही थोड्या नव्हे. आणि शंका आल्यास दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या चाचणीने खात्री करता येते, त्यामुळे खोट्या इशाऱ्यांची संख्या झपाट्याने घटते.

2006 चा कट यंत्राने किंवा पट्टीने पकडला नव्हता. पोलीस आणि गुप्तचर यांच्या दीर्घ पाळतीमुळे, संशयित विमानतळावर पोहोचण्यापूर्वीच तो उधळला गेला. अशी ठोस माहिती एखाद्या उड्डाणाबद्दल मिळाली, तर गणित पूर्णपणे बदलते, कारण घातक पेय असण्याची शक्यता मुळातच कित्येक पटींनी वाढलेली असते. तेव्हा विमानाच्या दारापाशी त्या उड्डाणाच्या प्रत्येक प्रवाशाची बाटली तपासायला हरकत नाही, आणि हाती दुसरे साधन नसेल, तर ती पट्टीसुद्धा वापरावी.