‘यांसारख्या’ सेवांसाठी पाव सेंट: कॅलिफोर्नियातल्या सुरक्षाकराची पार्श्वभूमी

पोलीस, अग्निशमन आणि ९११ या तातडीच्या मदतीच्या फोनसेवेसाठी सेल्स टॅक्स वाढवायचा का, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या कुठल्या ना कुठल्या शहरात निवडणुकीगणिक मतपत्रिकेवर असतो. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मराठी घरांत त्यावर बोलणं होतं ते बहुधा मतदानाआधीच्या शेवटच्या रविवारी. मतपत्रिका टपालाने येऊन आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पडलेली असते, आणि मग कुणीतरी विचारतं, ‘हे पोलिसांसाठी आहे ना? मग पुढे सर्वसाधारण सेवा असं का लिहिलंय?’

प्रश्न रास्त आहे. मतपत्रिकेवरचा मजकूर जास्तीत जास्त ७५ शब्दांचा. त्यात साधारण असं असतं: ९११ ला वेळेत प्रतिसाद, अग्निशमन, गस्त, रस्त्यांची दुरुस्ती ‘यांसारख्या’ सर्वसाधारण सेवांसाठी डॉलरमागे इतक्या सेंटांचा (म्हणजे तितक्या टक्क्यांचा) कर लावावा का. पुढे कराचा दर, मुदत आणि वर्षाला अंदाजे किती डॉलर जमतील तो आकडा. हा सगळा तपशील मतपत्रिकेवरच द्यायची सक्ती अलीकडची, २०१७ च्या कायद्याने आलेली. मतदाराची नजर ‘९११’वर थांबते. शहराच्या वकिलाची ‘यांसारख्या’वर. तो एक शब्द गाळला तर त्याच प्रस्तावाला निम्म्याहून एक मत जास्त पुरत नाही, दोन तृतीयांश मतं लागतात.

पुण्यात मिळकतकराचं बिल भरलेल्या माणसाला यात गोंधळायला व्हावं. तिथे ‘सर्वसाधारण कर’ ही एक ओळ असते आणि ‘अग्निशामक कर’ ही वेगळी. नावावरून कामाचा अंदाज येतो, आणि कुठल्याही ओळीवर मत द्यायला कुणी आपल्याला बोलावत नाही. कॅलिफोर्नियात मत द्यायला बोलावतात, पण नाव आणि काम यांची फारकत झालेली असते. पोलिसांच्या नावाने मागितलेला कर कायद्याच्या भाषेत सर्वसाधारण असतो. तो शहराच्या सामायिक तिजोरीत जातो आणि दरवर्षीच्या अंदाजपत्रकात नगरपरिषद ठरवेल तसा खर्च होतो. ‘विशेष कर’ म्हणजे ठरावीक कामालाच बांधलेला. तो कमी किंवा जास्त असण्याशी या नावाचा काही संबंध नाही.

राज्याचा सेल्स टॅक्स १९३३ चा, मंदीच्या काळातला. शहरं आणि काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) यांच्या वाट्याचा १ टक्का १९५५ च्या कायद्याने एकसारखा झाला. तिथपासून १९७८ पर्यंत या गोष्टीत फारसं काही घडत नाही, कारण पोलिसांचे पगार आणि बंबांचा खर्च घरपट्टीतून निघत होता.

जून १९७८ मध्ये प्रपोझिशन १३, म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला त्या क्रमांकाचा प्रस्ताव, मंजूर झालं. घरपट्टी मूल्याच्या १ टक्क्यावर बांधली गेली आणि घर विकलं जाईपर्यंत ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचं नाही असं ठरलं. शेजारच्याच घराची घरपट्टी आपल्या पाचपट कमी कशी, हे कोडं नव्याने घर घेणाऱ्या प्रत्येकाला पडतं; उत्तर इथे आहे. पण आपल्या विषयाला भिडतं ते त्यातलं दुसरं वाक्य: स्थानिक ‘विशेष कर’ लावायचे तर दोन तृतीयांश मतदारांची मंजुरी हवी. विशेष म्हणजे काय, हे मात्र त्यात सांगितलं नव्हतं. पुढची वीस वर्षं या एका विशेषणावर कोर्टकचेऱ्या झाल्या.

१९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका करापुरता अर्थ लावला: पैसा सामायिक तिजोरीत जात असेल तर कर विशेष नव्हे. या निकालाने पळवाट झाली असं करविरोधक आजही म्हणतात. मला तो निकाल शब्दाला धरून योग्य वाटतो. पळवाट नंतरच्यांनी रुंद केली. १९८६ मध्ये मतदारांनीच आणखी एक कायदा करून सर्वसाधारण करालाही साध्या बहुमताची अट घातली.

सुरक्षेच्या नावाने खरी ठिणगी पडली ती सॅन डिएगोत. काउंटीला तुरुंग आणि न्यायालयांच्या इमारती हव्या होत्या. दोन तृतीयांश मतं मिळतील अशी आशा नव्हती. तेव्हा तेवढ्या कामासाठी एक वेगळी संस्था उभी केली गेली. तिला घरपट्टी लावण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून प्रपोझिशन १३ तिला लागू नाही असा युक्तिवाद. १९८८ मध्ये अर्ध्या सेंटचा कर निम्म्याहून किंचित जास्त मतांनी मंजूर झाला आणि वसूलही होऊ लागला. १९९१ च्या शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला: संस्था अट चुकवण्यासाठीच जन्माला घातलेली, पैसा तुरुंगांना बांधलेला, म्हणजे कर विशेष. सॅन होजे परिसरात वाहतुकीसाठी १९९२ मध्ये ५४ टक्के मतांनी मंजूर झालेल्या अर्ध्या सेंटचं १९९५ मध्ये हेच झालं.

या दोन निकालांच्या मधलं १९९३ साल मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि पोलीस-अग्निशमनाचा कर म्हटल्यावर तेच सर्वांत कमी लोकांना आठवतं. मंदी होती, राज्याची तिजोरी रिकामी होती. १९९२ आणि १९९३ मध्ये राज्याने काउंट्या आणि शहरांच्या वाट्याची घरपट्टी शाळांकडे वळवली. शाळांना पैसे देणं राज्याचं कर्तव्य. ते राज्याने दुसऱ्याच्या खिशातून पार पाडलं. मग भरपाई म्हणून, मुदत संपत आलेला राज्याचा अर्ध्या सेंटचा तात्पुरता सेल्स टॅक्स कायम करून स्थानिक सुरक्षेला द्यावा, असा प्रस्ताव प्रपोझिशन १७२ म्हणून मतदारांपुढे ठेवला. एका हाताने काढलेलं दुसऱ्या हाताने परत करायचं, आणि परत करताना त्यावर ‘सुरक्षा’ अशी चिठ्ठी लावायची.

मतदान २ नोव्हेंबर १९९३ ला होतं. २७ ऑक्टोबरला दक्षिण कॅलिफोर्नियात वाऱ्याने वणवे भडकले. लगुना बीचमध्ये साडेतीनशेहून जास्त घरं जळाली. मतदानाच्या दिवशीच टोपांगा-मालिबूच्या डोंगरात नवी आग लागली. टीव्हीवर आगीची दृश्यं आणि मध्ये अग्निशमन जवानांच्या प्रचाराच्या जाहिराती, असा तो आठवडा. प्रस्ताव सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर झाला. राज्यव्यापी असल्याने त्याला दोन तृतीयांशची अट नव्हती.

पैसे कुणाला गेले? जवळजवळ ९४ टक्के काउंट्यांना, शहरांना जेमतेम ६. काउंट्यांमध्ये त्यातला मोठा भाग शेरीफ (काउंटीचे पोलीसप्रमुख), तुरुंग आणि सरकारी वकील यांच्याकडे गेला. ज्यांचे चेहरे जाहिरातीत होते त्या जवानांच्या स्वतंत्र अग्निशमन जिल्ह्यांना (फक्त आग विझवण्यासाठीच्या स्थानिक संस्थांना) थेट वाटाच नाही. ‘सार्वजनिक सुरक्षा सेवा’ या शब्दांची कायद्यातली व्याख्याही वाचण्यासारखी आहे: शेरीफ, पोलीस, अग्निशमन, काउंटीचे सरकारी वकील, तुरुंग, आणि समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक. न्यायालयं स्पष्टपणे वगळलेली. पकडणारा, खटला चालवणारा आणि कोंडणारा सुरक्षेत बसतो, निवाडा करणारा बसत नाही. बुडणाऱ्याला वाचवणारा मात्र बसतो.

तो अर्धा टक्का आजही राज्यभरच्या सव्वासात टक्के मूळ दरात मुरलेला आहे. म्हणजे ‘पोलिसांसाठी जादा कर’ मतपत्रिकेवर येतो तेव्हा आपण सुरक्षेच्या नावाने अर्धा टक्का आधीच देत असतो. हे कुणाच्या प्रचारपत्रकात दिसत नाही, ना बाजूने ना विरोधात. दुकानातल्या पावतीवर तर सगळे कर एकाच ओळीत. देशी दुकानात फ्रीझरमधल्या समोशांवर कर नाही, तेच गरम करून दिले की कर, आणि त्या गरम समोशातले काही अपूर्णांक सेंट १९९३ च्या आगीचे.

आता पुन्हा त्या विशेषणाकडे. नोव्हेंबर १९९६ मध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन गोष्टी आल्या. राज्यभर प्रपोझिशन २१८ ने सर्वसाधारण कराला साधं बहुमत आणि विशेष कराला दोन तृतीयांश, हा नियम घटनेत पक्का केला. आणि सॅन होजेच्या सांता क्लारा काउंटीत, कर रद्द झाल्याने हात पोळलेल्यांनी नवी शक्कल लढवली. मेझर म्हणजे स्थानिक प्रस्ताव. मेझर बी म्हणजे अर्ध्या सेंटचा सर्वसाधारण कर. त्यात कामाचं नाव नाही. मेझर ए म्हणजे नुसता सल्ला: असा पैसा आला तर तो अमुक रस्ते आणि रेल्वेवर खर्च व्हावा का? दोन्ही मंजूर झाले. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ही जोडी वैध ठरवली, कारण सल्ला कुणाला बांधत नाही.

मूळ वाहतुकीसाठी निघालेली ही जोडी पोलीस-अग्निशमनाच्या फार उपयोगी पडली. २००३ मध्ये शहरांना स्वतःचा जादा सेल्स टॅक्स लावणं सोपं झालं, आणि २००८ नंतर गरज निकडीची झाली. व्हॅलेहो शहर मे २००८ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा तिथल्या सर्वसाधारण निधीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पोलीस आणि अग्निशमनावरच जात होता. स्टॉकटन जून २०१२ मध्ये गेलं. त्याच वर्षी शहरात ७१ खून झाले. २०१३ मध्ये स्टॉकटनने पुन्हा ए आणि बी हीच अक्षरं वापरली, फक्त उलटी: ए म्हणजे पाऊण सेंटचा सर्वसाधारण कर, बी म्हणजे त्यातले ६५ टक्के गुन्हेगारी आवरायला खर्च व्हावेत असा सल्ला. ए ला सुमारे ५२ टक्के मतं पडली. विशेष कर म्हणून मांडला असता तर पडलाच असता.

करविरोधक याला फसवणूक म्हणतात. तेवढा कठोर शब्द मी वापरणार नाही. दिवाळखोर शहरात ९११ ला फोन करणाऱ्याला दोन तृतीयांशचं तत्त्वज्ञान ऐकवून उपयोग नाही. पण मतदाराला काम दाखवायचं आणि कायद्याला ते दाखवायचं नाही, यात सरळपणाही नाही. अशा करांबरोबर नागरिकांची देखरेख समिती नेमायची पद्धत आहे. ती हिशेब तपासते, अहवाल लिहिते. पैसा दुसरीकडे वळवायचं नगरपरिषदेने ठरवलं तर समितीला अडवता येत नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आणखी एका निकालाने वेगळीच वाट उघडली. मूळ वाद गांजाच्या दुकानांच्या शुल्काचा, पण त्यातून अर्थ निघाला की नागरिकांनी सह्या गोळा करून आणलेल्या कराला नगरपरिषदेने आणलेल्या करासारखे सगळे नियम लागू होत नाहीत. फ्रेझ्नोत २०१८ मध्ये बागांसाठीच्या कराला जेमतेम ५२ टक्के मतं मिळाली आणि शहराने तो नामंजूर धरला. पोलीस-अग्निशमनाला त्यात वाटा का नाही, हा तिथे विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. डिसेंबर २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो मंजूर असल्याचं सांगितलं, आणि जुलै २०२१ पासून वसुली सुरू झाली. ठरावीक कामाला बांधलेला कर आणि तरीही साधं बहुमत: सह्या जमवण्याचं बळ असेल तर आता ‘यांसारख्या’ हा शब्द लागतच नाही.

राहिली मुदत. व्हॅलेहोने दिवाळखोरीतून बाहेर पडताना, २०११ मध्ये, १ सेंटचा कर दहा वर्षांसाठी म्हणून मागितला होता. पाच वर्षांतच, २०१६ मध्ये, तो बेमुदत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये सॅन होजेनेही पोलीस आणि इतर ‘यांसारख्या’ सेवांसाठी पाव सेंटचा सर्वसाधारण कर मंजूर केला, १५ वर्षांसाठी. ती मुदत २०३१ मध्ये संपते.