उकिरडा गेला, गोणी आली

युरियासाठी दुकानापुढे लाईन लागली की लोक म्हणतात शेतकऱ्याला खताची चटक लागलीय. असेल, पण ती लागली कशी हे बघायचं तर आधी घरामागच्या उकिरड्याकडे बघावं लागतं.

आमच्याकडे आज्याच्या वेळेला दोन बैलजोड्या, म्हशी, आणि उन्हाळ्यात धनगराच्या मेंढ्या लेंडीखतासाठी रानात बसवायच्या, त्याचे पैसे नाहीतर धान्य ठरलेलं. संकरित ज्वारी 1964 ला आली (सीएसएच-1), तिला नत्र (नायट्रोजन) लागायचंच, मग ट्रॉम्बेच्या कारखान्याचं सुफला हे रासायनिक खत गावोगाव पोचलं, तरी पाया शेणखताचाच होता.

मग वाटण्या. 1970-71 ला राज्यात एका शेतकऱ्याचं सरासरी खातं, म्हणजे जमीन, 4.28 हेक्टरचं होतं, 2015-16 ला 1.34 वर आलं. भाऊ वेगळे झाले की बांध पडतो, पण बैलजोडी काही अर्धी होत नाही ना. तीन एकरासाठी जोडी कोण वर्षभर पोसणार, मग ट्रॅक्टर भाड्याने, आणि ट्रॅक्टर काय शेण टाकत नाही 😄 पोरं पुण्याला कंपनीत, राहिलेल्या बाईमाणसाने शेणाच्या पाट्या उचलायच्या तरी किती.

हिशोब बघा. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत साधारण 20 किलो नत्र असतं, तेवढंच शेणखतातून द्यायचं तर चारेक टन लागतं, म्हणजे ते भरायचं, वाहायचं, पांगवायचं. गोणी काय, एकटा माणूस मोटरसायकलवर आणतो. (शेणखताने जमीन भुसभुशीत राहते ते वेगळंच, ते गोणीत येत नाही.)

यात सरकारने भर घातली. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद-पालाशच्या (फॉस्फरस-पोटॅशच्या) खतांवरचं किमतीचं नियंत्रण उठलं, ती महागली, युरिया मात्र उलट 10 टक्के स्वस्त केला. 2010 ला खतातल्या पोषणमूल्यावर अनुदान आलं त्यातूनही युरिया बाहेरच. आज गोणी 266 रुपये 50 पैशाला, डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) 1350 ला, मग पीक पिवळं दिसलं की "टाक युरिया" हेच होणार.

नाशिककडे द्राक्षवाल्यांचं गणित निराळं. ड्रिप आहे, भांडवल आहे, तिथे 19:19:19, 0:52:34 अशी खतं (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचे टक्के) टाकीत विरघळवून तोलूनमापून सोडतात. कोरडवाहू सोयाबीनवाला मात्र पेरणीला 10:26:26 नाहीतर डीएपी मिळेल ते घेतो, तेही दुकानदाराच्या उधारीवर.

आमच्या उकिरड्याच्या जागी आता चुलतभावाचं मोटरसायकल लावायचं शेड आहे. परवा त्याने शेणखताची एक ट्रॉली मागवली, पैसे देऊन, शेजारच्या गावातल्या गोठ्यावरून.