१८० बाय ५०चा कप्पा

जुन्या गाडीचा आवाज सुधारायचा म्हटलं की ‘स्टिरिओ कोणता घेऊ?’ असा पहिला प्रश्न येतो. त्याआधी गाडी कोणत्या सालची, हे विचारायला हवं. डॅशबोर्ड उघडल्यावर काय हाती लागणार, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

मुळात रेडिओ हा गाडीचा भाग नव्हताच. १९३० साली अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारीसाठी रेडिओ विकायला काढला. तो गाडी घेतल्यावर वेगळा बसवून घ्यायचा. (पुढे कंपनीनेही तेच नाव लावलं.) दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्ट कंपनीचा एएस ५ हा मोटारीचा रेडिओ आला. त्याचं आकारमान होतं सुमारे १० लिटर, म्हणजे पाण्याच्या बादलीएवढं. त्या काळच्या रेडिओतल्या व्हॉल्व्हना (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांना) शेकड्यांनी व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी बहुधा ६ व्होल्टची. मधली दरी भरून काढणारी यंत्रणा जागा खायची आणि बॅटरीही. शिवाय इंजिनातल्या ठिणग्यांची खरखर गाण्यात मिसळायची. नवा अँप्लिफायर बसवल्यावर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे दुखणं किती जुनं आहे ते कळेल. आता दोष ठिणग्यांपेक्षा आल्टरनेटर (गाडीत वीज बनवणारं यंत्र) आणि कच्च्या अर्थिंगचा असतो, एवढाच फरक.

१९५५ मध्ये क्रायस्लर ही मोटार कंपनी आणि फिल्को ही रेडिओ कंपनी यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ आणला आणि व्हॉल्व्हचा पसारा आवरायला सुरुवात झाली. त्याच सुमारास क्रायस्लरने धावत्या गाडीत तबकडी वाजवायची सोयही देऊन पाहिली. ती फार काळ टिकली नाही, यात नवल नाही. मग १९६५ मध्ये फोर्डने आठ ट्रॅकची टेप दिली आणि पुढे कॅसेटने सगळ्यांना बाजूला सारलं.

या काळातली एक साधी काटकसर मात्र आजही महागात पडते. डॅशबोर्डमध्ये एकच स्पीकर असायचा. त्याला एक वायर रेडिओकडून यायची आणि दुसरं टोक सरळ गाडीच्या पत्र्याला जोडलेलं. पुढे स्पीकर दोनाचे चार झाले, तरी अनेक गाड्यांत त्यांची निगेटिव्ह वायर सामाईकच राहिली. तेव्हाच्या रेडिओला ते चालायचं. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतं. त्यातली एक बॉडीला टेकली, तर स्टिरिओ एक तर बंद पडून स्वतःला वाचवतो, नाहीतर जळतो. म्हणून अशा गाडीत कपलर (वायरींचा जोड) जुळला तरी भागत नाही, प्रत्येक स्पीकरपर्यंत नव्या दोन वायरी ओढाव्या लागतात.

दोन्ही वायरी ‘जिवंत’ ठेवण्यामागे हिशेब आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. जुन्या पद्धतीने ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध; तो जास्त, तर ताकद कमी) स्पीकरला त्यातून फार तर साडेसहा वॅट देता येतात. दोन्ही टोकं उलटसुलट ढकलली, तर कागदावर २६; प्रत्यक्षात अठरा-वीस. मग खोक्यावर ‘५० × ४’ कसं छापतात? तो क्षणिक कमाल आकडा असतो. अमेरिकेत या आकड्यांना शिस्त लावणारं सीईए-२००६ हे मानक आलं ते २००३ मध्ये, तेही ऐच्छिक. त्यामुळे खोक्यावरचा आकडा सोडून द्यावा आणि सलग मिळणारी ताकद सांगणारा ‘आरएमएस’ पाहावा.

पण गाडीमालकाला खरं स्वातंत्र्य दिलं ते एका मापाने. जर्मन मानकात (डिन) ठरलेला १८० बाय ५० मिलिमीटरचा कप्पा पुढे आयएसओ ७७३६ म्हणून जगभर गेला; दुप्पट उंचीचा तो डबल डिन. कोणत्याही कंपनीचा स्टिरिओ असा कप्पा असलेल्या कोणत्याही गाडीत सरकवता येऊ लागला. १९८४ मध्ये पायोनियरने गाडीसाठी सीडी प्लेअर काढला, तेव्हा त्यासाठी गाडी बदलायची गरज नव्हती. मला विचाराल तर हाच सुवर्णकाळ. फक्त जे सहज सरकवता येतं ते सहज काढूनही नेता येतं. चोऱ्या वाढल्या, मग स्टिरिओचा दर्शनी भाग काढून खिशात घालायची सोय आली, चोरलेला स्टिरिओ चालू नये म्हणून कोड आले, आणि गाडी बनवणाऱ्यांना स्टिरिओ डॅशबोर्डच्याच आकारात घडवायला आणखी एक कारण मिळालं.

दुसरं कारण आधीच रुजलं होतं. १९८३च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत बोसची यंत्रणा आली: केबिनचा आकार धरून बसवलेला आवाज, प्रत्येक स्पीकरला स्वतःचा अँप्लिफायर. असा स्पीकर काढून तिथे बाजारातला साधा स्पीकर जोडला की गणित फसतं. नंतरच्या अनेक कंपनी फिटेड यंत्रणांत स्पीकर २ ओहमचे किंवा त्याहून कमी असतात. त्यांच्या जागी ४ ओहमचा महागडा स्पीकर लावला की आवाज चक्क कमी होतो आणि दुकानदाराला उगाच बोल लागतो.

२००१च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजमध्ये तर आवाज तांब्याच्या वायरीऐवजी प्रकाशतंतूतून, मोस्ट नावाच्या जाळ्यावरून धावू लागला. स्टिरिओच्या पडद्यावर गाडीच्या इतर सेटिंगही आल्या. तिथून पुढच्या गाड्यांत हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य स्टिरिओ) उपटणं म्हणजे गाडीचा एक अवयव काढण्यासारखं झालं. म्हणून आता त्याला हात न लावता त्यातून स्पीकरकडे जाणारा आवाज पकडून नव्या अँप्लिफायरला देतात. त्यातही मेख आहे: कंपनीचा छोटा स्पीकर फाटू नये म्हणून आवाज वाढवला की बास (खालचे, घुमणारे स्वर) आपोआप कापला जातो. मोठा सबवूफर (खास बाससाठीचा स्पीकर) डिकीत ठेवला तरी कापलेला बास त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आधी प्रोसेसर लावून तो भरून काढावा लागतो.