सिबेलिअसची ‘मालिंकोनिया’ लोकगीतावरची नाही

चेलो (व्हायोलिनच्या कुळातलं मोठं तंतुवाद्य) आणि पियानोची फिनिश रचना म्हटली की ‘लोकगीतावरून घेतलीय’ असं बेधडक ठोकून दिलं जातं. फिनलंडचा संगीतकार यान सिबेलिअस याच्या ‘मालिंकोनिया’बद्दलही तेच. पण तिची चाल त्याची स्वतःची आहे. १९०० साली त्याची चिमुकली मुलगी कर्स्टी तापानं गेली, त्यानंतरची ही रचना. सुरुवातीला चेलो एकटाच चाचपडत वर चढतो, मग पियानो लाटेसारखा अंगावर येतो.

सिबेलिअसनं सहा फिनिश लोकगीतं हाताळली, पण ती नुसत्या पियानोसाठी. चेलो-पियानोच्या जोडीसाठी खरंखुरं फिनिश लोकगीत हवं असेल तर ‘कुल्तासेल्ले’ ऐका, एकाच गाण्याची दहा छोटी रूपं. गंमत म्हणजे रचनाकार फेरुच्चो बुसोनी इटालियन! १८८८ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीला शिकवायला गेला होता.